जुन्या कॉम्प्युटरवर घरचा स्टुडिओ: काय बदलायचं, कोणत्या क्रमाने, आणि काय तसंच राहू द्यायचं

रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच 'टक्' असा आवाज येतो. चौथं व्हर्च्युअल वाद्य (सॉफ्टवेअरमधलं वाद्य) लावलं की गाणं अडखळायला लागतं. प्रोजेक्ट उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. या तिन्ही तक्रारींवर एकच सल्ला मिळतो, नवा कॉम्प्युटर घ्या. पण त्यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पहिली तक्रार बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची असते, दुसरी प्रोसेसरची किंवा रॅमची, तिसरी डिस्कची. कुठे अडतंय ते आधी मोजलं, तर आठ-दहा वर्षं जुनं मशीनसुद्धा घरच्या संगीतकामाला उत्तम साथ देतं. न मोजता सुटे भाग घेत सुटलं, की खर्च होतो आणि 'टक्' तसंच राहतं.

संगीताचं काम मशीनला जड का जातं

व्हिडिओ एडिट करताना रेंडर दोन मिनिटं उशिरा संपला तर काही बिघडत नाही. आवाजाला ही मुभा नाही. तुमचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे छोटे तुकडे तयार करून ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, देत असतं. या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) होतात तो आकडा, ४८,००० आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर एक तुकडा २.७ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक, त्यांवरचे सगळे इफेक्ट, सगळी वाद्यं यांचा हिशेब संपायलाच हवा. एकदा जरी उशीर झाला, तरी तो कानाला ऐकू येतो.

म्हणूनच विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसत असतानाही आवाज फुटू शकतो. ती सरासरी आहे, आणि आवाज फुटतो तो सरासरीमुळे नाही, एखाद्याच उशिरा पोचलेल्या तुकड्यामुळे.

बफर ६४ असेल तर १.३ मिलिसेकंद मिळतात, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. हा एका बाजूचा उशीर झाला. माइकमधून आत येऊन हेडफोनमधून बाहेर पडेपर्यंत आत आणि बाहेर असे दोन्ही बफर मोजावे लागतात, वर इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे एकूण १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवण्याइतका. कीबोर्ड वाजवणाऱ्याला तो सहसा खटकत नाही. हेडफोन लावून गाणाऱ्याला खटकतो, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांमधून लगेच ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला मागून येऊन त्यात मिसळतो.

पहिली पायरी: काय आहे ते लिहून काढा

प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, मदरबोर्डचं नाव, रॅम किती आणि कोणत्या जातीची, किती स्लॉट रिकामे, डिस्क कोणती, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे कागदावर उतरवा. विंडोजवर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर यातलं बहुतेक सगळं दाखवतं. त्यातल्या 'मेमरी' आणि 'एसपीडी' या टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली रॅम वेगळी दिसते. मॅकवर 'अबाउट धिस मॅक' पुरतं.

याच वेळी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, ऑपरेटिंग सिस्टीम आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर दोन्ही ६४ बिटची आहेत का? ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही, मशीनमध्ये कितीही भरा. दोन, प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स सूचनांची (एकदम अनेक आकड्यांचा हिशेब करण्याची) सोय आहे का? इंटेलच्या कोअर आय मालिकेत एव्हीएक्स २०११ मध्ये दुसऱ्या पिढीपासून आलं आणि एव्हीएक्स-२ हे २०१३ मध्ये चौथ्या पिढीपासून. त्याच काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये मात्र ती सोय नव्हती. अलीकडच्या काही प्लगइनना, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांना आणि इफेक्टना, हे लागतंच, नसेल तर ती उघडत नाहीत. ही उणीव रॅम वाढवून किंवा डिस्क बदलून भरून निघत नाही. तेव्हा ज्या प्लगइनसाठी सगळा खटाटोप करताय, त्यांच्या किमान गरजा आधी वाचा.

दुसरी पायरी: मोजा

तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा, बफर १२८ वर ठेवा आणि पूर्ण गाणं वाजू द्या. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क बघा, पण प्रोसेसरचा अंदाज रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मीटरवरून घ्या. रीपर, क्यूबेस, एबलटन लाइव्ह या सगळ्यांत तसा मीटर आहे आणि एका तुकड्यासाठी मिळालेल्या वेळातला किती वेळ खर्च होतोय याचा अंदाज त्यावरून येतो. मग विंडोजवर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर लावून पंधराएक मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते त्यात नावानिशी दिसतं.

आता आकडे काय सांगतात ते बघा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क सतत चालू, म्हणजे रॅम अपुरी आहे. प्रोजेक्ट उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि बाकी सगळं निवांत, तर दोष डिस्कचा. सगळे आकडे शांत असूनही आवाज फुटतो आणि लेटन्सीमॉन लाल होतो, तर ड्रायव्हर. सुरुवातीला ठीक आणि पंधरा-वीस मिनिटांनी बिघाड, तर मशीन तापतंय. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मीटर एका ठरावीक ट्रॅकमुळेच उसळतो, तर तो ट्रॅक एकाच कोअरवर अडकलाय. एका ट्रॅकवरची इफेक्टची साखळी एकापाठोपाठ एकच चालते, कारण दुसऱ्या इफेक्टला पहिल्याचं उत्तर हातात आल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. ती चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. त्यामुळे संगीतासाठी प्रोसेसर निवडताना कोअरच्या संख्येइतकीच एका कोअरची ताकद बघावी लागते.

हे सगळं लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल एकेक करायचा आणि दर वेळी हाच प्रोजेक्ट पुन्हा वाजवून आकडे ताडायचे.

तिसरी पायरी: एक पैसाही न घालता होणारे बदल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. निम्म्याहून अधिक त्रास इथेच मिटतो असा माझा अनुभव आहे.

धुळीपासून सुरुवात करा. मशीन बंद करून प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा पत्र्यांचा हीटसिंक यांच्या मध्ये राखाडी लोकरीसारखा थर दिसेल. वरून पंखा स्वच्छ दिसला तरी हा थर खाली असतोच, म्हणून शक्य असेल तर पंखा सोडवून बघा. मऊ ब्रश आणि हवेचा झोत वापरा, आणि झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, कारण मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलाच, तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी नव्या पेस्टचा छोटा थेंब ठेवा. जास्त पेस्टने जास्त थंडावा मिळत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून काम करताना तापमान बघा. ते ९५-१०० अंशांकडे जातंय आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग खाली येतोय, असं दिसलं तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतोय.

पंखा साफ झाला की तो हळू फिरतो आणि खोलीतला आवाजही कमी होतो. ज्या खोलीत माइक आहे तिथे हा फायदा लहान नाही.

मग विंडोजच्या सेटिंग. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा, म्हणजे प्रोसेसर दर क्षणाला झोपायला जाणार नाही. त्याच पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. नाहीतर वीज वाचवण्याच्या नादात इंटरफेसचं पोर्टच डुलकी घेतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद करून बघा. लेटन्सीमॉनमध्ये दोषी ठरणाऱ्यांत नेटवर्कचा ड्रायव्हर वारंवार सापडतो, त्याखालोखाल ग्राफिक्सचा. दोन्हींचे नवे ड्रायव्हर उत्पादकाकडून घेऊन टाका. क्लाउडवर फायली चढवणारे प्रोग्रॅम थांबवा आणि अँटिव्हायरसला वाद्यांच्या सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या) फोल्डरकडे दुर्लक्ष करायला सांगा. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम काढून टाका.

चौथी पायरी: एसएसडी

मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च इथे करा. मात्र एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, नेमकी कशासाठी, हे समजून घेतलं पाहिजे.

रेकॉर्डिंगसाठी वेगवान डिस्क लागते, हा समज चुकीचा आहे. २४ बिट, ४८,००० सॅम्पल रेटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. असे १६ ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला सव्वादोन एमबीच्या आसपास होतात आणि जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना सेकंदाला १०० एमबीचा पल्ला सहज गाठते. हार्ड डिस्क अडते ती सॅम्पलच्या वाद्यांपाशी. पियानोचा एक सूर दाबला की डिस्कवर विखुरलेल्या कितीतरी छोट्या फायली एकाच वेळी वाचायच्या असतात आणि वाचणारं डोकं दर वेळी नव्या जागी हलवावं लागतं. हार्ड डिस्कला अशी उडी मारायला काही मिलिसेकंद लागतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही.

त्यातून एक आडवळणाचा फायदाही निघतो. कॉन्टॅक्टसारखी सॅम्पलर सॉफ्टवेअर प्रत्येक सॅम्पलची सुरुवात मेमरीत भरून ठेवतात आणि उरलेला भाग वाजवता वाजवता डिस्कवरून आणतात. डिस्क वेगवान झाली की आधी भरून ठेवायचा भाग कमी करता येतो, त्यासाठी 'प्रीलोड बफर' नावाची सेटिंग आहे. म्हणजे एसएसडीमुळे रॅमसुद्धा मोकळी होते. रॅम घेण्याआधी हे करून बघाच.

जुन्या मशीनला २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरते. ती सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई प्रकारची कागदावर कितीतरी वेगवान असते, पण जुन्या मदरबोर्डवर तिच्यावरून मशीन सुरूच होत नाही असंही घडतं. एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट दिसला म्हणून एनव्हीएमई चालेलच असं धरू नका, काही स्लॉट फक्त साटाच घेतात. मदरबोर्डचं माहितीपत्रक बघा.

बसवण्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड 'एएचसीआय' आहे ना ते तपासा, जुन्या मशीनवर तो 'आयडीई' असू शकतो. आधीच टाकलेली विंडोज तशीच ठेवून मोड बदलला तर ती सुरू होत नाही, म्हणून हा बदल नव्या इन्स्टॉलेशनच्या वेळी करणं सोपं. क्लोनझिला या सॉफ्टवेअरने जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवता येते, पण वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. मी तरी नव्याने इन्स्टॉल करायला सांगेन. त्याआधी प्लगइनचे परवाने जुन्या मशीनवरून 'डीॲक्टिव्हेट' करा आणि सिरियल क्रमांक लिहून घ्या. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, बॅकअपला ठेवा. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर त्याच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवून ती आतच राहू शकते.

पाचवी पायरी: रॅम

ट्रॅक रेकॉर्ड करून त्यांचं मिक्सिंग करायचं, तर ८ जीबीत भागतं. सॅम्पलची वाद्यं नियमित वापरणार असाल, तर १६ घ्या. पूर्ण ऑर्केस्ट्राच्या लायब्रऱ्या लावायच्या असतील, तरच ३२ चा विचार करा. मोजणीत मेमरी अर्धी रिकामी दिसली असेल, तर आणखी रॅम टाकून आवाज फुटणं थांबणार नाही.

डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या जाती एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. खालची खाच वेगळ्या जागी असते, आणि पिनासुद्धा डेस्कटॉपच्या पट्टीत २४० विरुद्ध २८८. लॅपटॉपसाठी घेताना व्होल्टेज बघा. डीडीआर-३ १.५ व्होल्टची आणि डीडीआर-३एल १.३५ व्होल्टची. काही लॅपटॉप फक्त दुसरीच स्वीकारतात. दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या की मेमरी दोन वाटांनी वाचली जाते, म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की जडवलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

बसवायची रीत अशी. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॉम्प्युटरच्या आतल्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. स्लॉटच्या टोकाचे चाप बाहेर उघडा, पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली दाबा. पट्टी नीट बसली की चाप 'कट' करून आपोआप मिटतात. ते हाताने मिटवावे लागत असतील, तर पट्टी अजून बसलेली नाही. मशीन सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका, पट्ट्या काढून एकेक लावून बघा. सगळं सुरळीत झालं तरी रात्रभर मेमटेस्ट-८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. सदोष रॅम लगेच कळत नाही, ती ऐन रेकॉर्डिंगमध्ये प्रोजेक्ट बंद पाडते.

सहावी पायरी: ऑडिओ इंटरफेस

मदरबोर्डवरच्या साउंड कार्डवर काम करत असाल, तर इंटरफेस घेतल्यावर मशीनच बदलल्यासारखं वाटेल. कारण तिथल्या ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोजवर स्टाइनबर्ग कंपनीने आणलेली एएसआयओ ही पद्धत आवाजाला विंडोजच्या मिक्सरला बगल देऊन थेट इंटरफेसपर्यंत नेते. एएसआयओ-फॉर-ऑल हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर एएसआयओचं आवरण चढवतं. इंटरफेस येईपर्यंत ते उपयोगी आहे. पण उत्पादकाने स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरची सर त्याला नाही.

घेताना पोर्टच्या वेगाची चिंता करू नका. दोन इनपुट आणि दोन आउटपुटचा इंटरफेस ४८,००० वर सेकंदाला ५ मेगाबिटही वापरत नाही आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. बघायचं ते हे, की तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ड्रायव्हर आज उपलब्ध आहे का, आणि 'डायरेक्ट मॉनिटरिंग' आहे का. ते असेल तर माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता परस्पर हेडफोनमध्ये येतो. मग बफर ५१२ असला तरी गायकाला उशीर जाणवत नाही. जुन्या, मंद प्रोसेसरवर घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्याला याहून मोलाची दुसरी सोय नाही.

इंटरफेस हबमध्ये न लावता थेट मशीनच्या पोर्टला लावा. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बघा. थांबली तर तो अर्थिंगचा फेरा आहे, आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरून बहुधा सुटतो. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका. ती जीव वाचवण्यासाठी असते.

सातवी पायरी: प्रोसेसर, आणि कुठे थांबायचं

एवढं करूनही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मीटर लाल होत असेल, तरच प्रोसेसरकडे वळा. त्याच सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसणारा वरचा प्रोसेसर मिळतो का ते मदरबोर्डच्या उत्पादकाच्या यादीत बघा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांची इथे चांदी आहे, कारण त्यातल्या बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालतात. बायोस आधी अपडेट करायचा आणि मग प्रोसेसर बदलायचा, हा क्रम उलटा करू नका. इंटेलने सॉकेट वरचेवर बदलले, त्यामुळे तिथे वाव कमी. ग्राफिक्स कार्डचा मात्र आवाजाच्या कामाला जवळपास काही उपयोग नाही, उलट आणखी एक पंखा वाढतो.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्ही बदलावं लागणार असेल, तर थांबा आणि नव्या मशीनसाठी साठवा. एसएसडी आणि इंटरफेस तिकडे जातीलच.

ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल थोडं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीतून बाद होतात. जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त स्टुडिओसाठी ठेवणं हा एक मार्ग, लिनक्स हा दुसरा. आर्डर आणि रीपर ही दोन्ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात आणि उबुंटू स्टुडिओमध्ये आवाजाच्या कामाची मांडणी तयार मिळते. मात्र तुमच्या आवडत्या प्लगइनची लिनक्स आवृत्ती आहे का, हे आधी बघा.

काम करायची पद्धत

जुन्या मशीनवर शिस्तीने काम केलं तर वाढीव प्रोसेसरइतका फायदा होतो. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा त्याच्या आसपास, मिक्सिंग करताना १०२४. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावण्यापेक्षा एकच रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे सामाईक वाटेवर, ठेवा आणि सगळे ट्रॅक तिकडे पाठवा. सॅम्पल रेट ४४,१०० किंवा ४८,००० पुरे, कारण ९६,००० वर तेच प्लगइन जवळपास दुप्पट काम मागतात.

मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) लुक-अहेड असलेला लिमिटर किंवा लिनिअर-फेज ईक्यू लावलेला असेल, तर रेकॉर्डिंगपुरता काढून ठेवा. असे प्लगइन पुढचा आवाज बघून हिशेब करतात, म्हणून सॉफ्टवेअर बाकी सगळे ट्रॅक त्यांच्यासाठी थांबवून ठेवतं. मग बफर ६४ केला तरी कीबोर्डचा सूर उशिराच येतो आणि दोष मात्र इंटरफेसला मिळतो.

आणि 'फ्रीझ' वापरा. जड वाद्याचा ट्रॅक फ्रीझ केला की सॉफ्टवेअर त्याची साधी ऑडिओ फाइल करून ठेवतं आणि वाद्याला सुट्टी मिळते. सूर बदलायचा असेल तेव्हा अनफ्रीझ करा, बदला, पुन्हा फ्रीझ करा. प्रोजेक्ट संपला की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक ऑडिओ म्हणूनही काढून बॅकअपच्या डिस्कवर ठेवा. पुढे मशीन बदललं किंवा एखादं प्लगइन बंद पडलं, तरी गाणं उघडेल.